अभिजात साहित्य आणि ख्रिस्ती वाचक : चौथ्या शतकातील वाद व त्याचे मराठीतील रूप

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्यात पसरू लागला तेव्हा त्याच्याजवळ धर्मग्रंथ होता, उपासना होती, हुतात्म्यांची परंपरा होती. परंतु स्वतःची शाळा नव्हती. ख्रिस्ती घरातील मुलगाही अक्षरओळख झाल्यावर व्याकरणशिक्षकाकडे जाई आणि पूर्वेकडील ग्रीकभाषक प्रांतांत होमर, तर पश्चिमेकडील लॅटिनभाषक प्रांतांत व्हर्जिल पाठ करी. पुढे वक्तृत्वाच्या शाळेत डेमॉस्थेनीस अथवा सिसेरो यांचा अभ्यास होई. शुद्ध बोलणे, न्यायसभेत बाजू मांडणे, राज्यकारभारात पद मिळविणे या सर्वांचा मार्ग याच ग्रंथांतून जात होता. आणि हे ग्रंथ तर ज्या देवदेवतांची उपासना ख्रिस्ती मनुष्याला निषिद्ध होती, त्यांच्याच कथांनी भरलेले होते. परक्या श्रद्धेच्या जगात जन्मलेले श्रेष्ठ साहित्य श्रद्धावंत वाचकाने वाचावे काय, आणि वाचावे तर कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे चर्चच्या पहिल्या काही शतकांत केवळ तात्त्विक राहिला नाही. तो प्रत्येक पालकाचा आणि प्रत्येक शिक्षकाचा प्रश्न होता.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चौथ्या शतकात कशी मांडणी झाली आणि सोळाव्या शतकानंतर मराठी भाषेच्या प्रदेशात तो कोणत्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला, याचा विचार केला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून ‘अभिजात’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला आहे. येथे मात्र तो भाषेचे नव्हे, ग्रंथांचे विशेषण म्हणून योजला आहे. ज्या ग्रंथांवर एखाद्या समाजाच्या अनेक पिढ्या वाचायला, बोलायला आणि विचार करायला शिकल्या, ते ग्रंथ अभिजात, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

शिकणारा आणि शिकविणारा

या वादाचे बीज खुद्द नव्या करारातच आहे. अथेन्समध्ये अरीयपगासमोर बोलताना पौलाने ग्रीक कवीच्या वचनाचा आधार घेतल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात नमूद आहे. हे वचन इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील आराटस या कवीच्या नक्षत्रविषयक काव्यातील असून तेथे ते झ्यूस देवाला उद्देशून आले आहे. पौलाने ते आपल्या देवाकडे वळविले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नाटककार मेनँडरचे एक वचन येते, तेही कवीचे नाव न घेता. यावरून ग्रीक साहित्य हे पौलाच्या श्रोत्यांशी बोलण्याचे एक साधन होते इतके म्हणता येते. त्यापलीकडे त्याने या विषयावर काही सिद्धान्त मांडलेला नाही.

दुसऱ्या शतकात जस्टिन आणि त्यानंतर अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट यांनी तो मांडला. ज्या ‘लोगॉस’चा, म्हणजे शब्दरूप ईश्वराचा, पूर्ण आविष्कार ख्रिस्तात झाला, त्याची बीजे ग्रीक तत्त्वज्ञांच्या विचारांतही पेरली गेली होती, असे जस्टिन म्हणतो. यहुद्यांना जसे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, अशी क्लेमेंटची भूमिका आहे. याउलट सुमारे इसवी सन २०० मध्ये कार्थेजच्या टर्टुलियनने अथेन्सचा आणि यरुशलेमचा संबंधच काय, असा रोखठोक सवाल केला. हा सवाल इतका प्रसिद्ध झाला की त्याने याच विषयावर केलेले अधिक सूक्ष्म विवेचन मागे पडले. मूर्तिपूजेवरील आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, ख्रिस्ती मनुष्याने साहित्य शिकण्यास हरकत नाही, कारण त्यावाचून धर्मग्रंथही वाचता येणार नाही. परंतु त्याने ते शिकवू नये. शिकणारा मनात अंतर ठेवू शकतो. शिकविणाऱ्याला मात्र जे शिकवायचे त्याची भलावण करावी लागते. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्या नैतिक स्थितीतील हा भेद विचार करण्याजोगा आहे. दीडशे वर्षांनी तोच भेद चर्चच्या एका कट्टर विरोधकाने राजाज्ञेत उतरविला, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

ज्युलियनचा आदेश

सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती म्हणून वाढला होता. इसवी सन ३५५ मध्ये तो अथेन्समध्ये शिकत असताना पुढे धर्माचार्य झालेला नाझियान्झसचा ग्रेगरी हा तेथे त्याचा सहाध्यायी होता. ३६१ मध्ये सत्ता हाती येताच ज्युलियनने जुन्या देवतांच्या उपासनेचे उघड पुनरुज्जीवन आरंभले. १७ जून ३६२ रोजी त्याने काढलेल्या आदेशात शिक्षक प्रथम शीलाने आणि मग वक्तृत्वाने श्रेष्ठ असावा आणि त्याच्या नेमणुकीस सम्राटाची संमती असावी, एवढेच म्हटले होते. त्याचा खरा रोख एका पत्रातून स्पष्ट झाला. होमर, हेसिअड, डेमॉस्थेनीस हे देवांना मानणारे होते. जे त्या देवांना मानत नाहीत त्यांनी हे ग्रंथ शिकवून पोट भरणे हा अप्रामाणिकपणा आहे. स्वतःला निकृष्ट वाटणाऱ्या मालाची तोंड भरून स्तुती करणाऱ्या दुकानदारासारखे हे वर्तन आहे. असल्या शिक्षकांनी एक तर आपले मत बदलावे, नाही तर चर्चमध्ये जाऊन मत्तय आणि लूक शिकवावेत, असे तो सांगतो. विद्यार्थ्यांवर मात्र त्याने बंदी घातली नाही. ख्रिस्ती मुलांनी शाळेत यावे, अशीच त्याची इच्छा होती.

या आदेशाचा परिणाम तत्काळ झाला. अथेन्समधील ख्यातनाम अध्यापक प्रोहेरेसियस याला सम्राटाने सवलत देऊ केली असता त्याने ती नाकारून पद सोडले, असे जेरोमने नोंदविले आहे. रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनस या वृद्ध वक्तृत्वाचार्यानेही आपली शाळा सोडली. अध्यापक म्हणून त्याची एवढी प्रतिष्ठा होती की रोममध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला होता. विशेष म्हणजे, ज्युलियनचा चाहता आणि स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस यानेही या आदेशाचा कठोर शब्दांत निषेध केला असून तो कायमचा विस्मृतीत गाडण्याच्या योग्यतेचा ठरविला आहे.

ज्युलियनचा युक्तिवाद द्वेषमूलक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण योग्य नव्हे. ज्यावर आपला विश्वास नाही ते प्रामाणिकपणे शिकविता येते काय, हा प्रश्न आजही कोणत्याही अध्यापकाला टाळता येणार नाही. त्या युक्तिवादातील खरी उणीव निराळीच आहे. काव्याचा आशय म्हणजे कवीची देवताविषयक मते, असे त्याने गृहीत धरले. हा निकष लावला तर प्लेटोलाही होमर शिकविता आला नसता, कारण देवांविषयीच्या अनुचित कथांबद्दल त्यानेच होमरला आपल्या आदर्श राज्याबाहेर काढले होते. स्वतः ज्युलियन ज्या तत्त्वज्ञानाच्या परंपरेत वाढला होता तीही या कथांचा शब्दशः अर्थ न घेता रूपकात्मक अर्थ घेत असे. ग्रेगरीने ज्युलियनविरुद्धच्या आपल्या भाषणात दुसऱ्या बाजूने हल्ला चढविला : ग्रीक भाषा आणि वाङ्मय ही ती बोलणाऱ्या सर्वांची आहेत, केवळ विशिष्ट देवांच्या उपासकांची मिरास नव्हेत.

बंदीच्या काळात लाओडिसिआ येथील अपोलिनारिस पितापुत्रांनी एक अजब उपक्रम केला. होमर शिकविता येत नसेल तर बायबलचाच होमर करावा, या हेतूने त्यांनी जुन्या करारातील इतिहासाचे महाकाव्य, इतर भागांची नाटके आणि शुभवर्तमानांचे प्लेटोच्या धर्तीवरील संवाद रचले. २६ जून ३६३ रोजी पर्शियाच्या मोहिमेत ज्युलियनचा मृत्यू झाला. ३६४ च्या आरंभी आदेश मागे घेण्यात आला. आणि ख्रिस्ती शिक्षक पर्यायी महाकाव्य सोडून निमूटपणे होमरकडे परतले. पुढच्या शतकातील चर्च-इतिहासकार सॉक्रेटिस लिहितो की, अपोलिनारिस पितापुत्रांच्या या रचना जणू लिहिल्याच गेल्या नव्हत्या अशी त्यांची स्थिती झाली. अभिजात ग्रंथाला पर्याय हुकमाने निर्माण होत नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा वाङ्मयेतिहासात क्वचितच आढळेल.

बासिलची मधमाशी

या पार्श्वभूमीवर कैसरियाचा धर्माध्यक्ष बासिल (सुमारे ३३०–३७९) याचे ग्रीक वाङ्मयापासून तरुणांनी लाभ कसा घ्यावा या विषयावरील छोटेखानी भाषण वाचले पाहिजे. परंपरेनुसार ते त्याने आपल्या पुतण्या-भाच्यांना उद्देशून लिहिले. त्याचा सूर आज्ञेचा नसून अनुभवी वडीलधाऱ्याचा आहे. मधमाशी सर्वच फुलांवर बसत नाही आणि ज्यावर बसते त्यातील सर्वच घेत नाही. गुलाब खुडणारा काटे टाळतो. तसे वाचकाने करावे, असे तो सांगतो. मोशे मिसरी विद्येत, दानीएल खास्दी विद्येत निपुण होता, याचेही तो स्मरण देतो.

मधमाशीची उपमा पुढे इतकी गाजली की त्याच भाषणातील दोन अधिक अर्थपूर्ण उपमा दुर्लक्षित राहिल्या. पहिली रंगाऱ्याची. पक्का रंग चढावा म्हणून रंगारी कापडावर आधी विशिष्ट प्रक्रिया करतो. त्याप्रमाणे मनावर आधी या ग्रंथांचा संस्कार झाला तर धर्मग्रंथाचा रंग पक्का बसतो. दुसरी, पाण्यातील सूर्यबिंबाची. डोळ्यांना सूर्य एकदम सोसवत नाही. आधी त्याचे पाण्यातील प्रतिबिंब पाहण्याची सवय करावी लागते. या दोन्ही उपमांत ग्रीक वाङ्मय हे निवडून घ्यायचे द्रव्य राहत नाही, तर वाचकाच्या मनाची घडण करणारी शक्ती ठरते. बासिलला हे कितपत जाणवले होते हे सांगणे कठीण. पण त्याची उपमा त्याच्या उपदेशाच्या पुढे गेली आहे हे खरे.

प्रत्यक्ष निवडीत मात्र बासिल फार सावध आहे. जहाज फुटून उघडावाघडा किनाऱ्याला लागलेला ओडिसियस फेशियन लोकांच्या आदरास पात्र होतो, कारण वस्त्रांऐवजी सद्गुण हेच त्याचे भूषण असते. दोन वाटांच्या संगमावर उभा असलेला हेराक्लीस सुखाची वाट सोडून कष्टाची वाट निवडतो. दिवसभर शिव्या देणाऱ्या माणसाला पेरिक्लीस रात्री दिवा दाखवून घरी पोहोचवितो. अशा कथा तो घेतो. जेथे देव भांडतात, व्यभिचार करतात, तेथे कान बंद करावेत, ओडिसियसने सायरनांच्या गाण्यापुढे केले तसे, असेही सांगतो. गंमत अशी की होमरच्या काव्यात मेणाने कान बंद केले जातात ते ओडिसियसच्या साथीदारांचे. तो स्वतः डोलकाठीला बांधून घेऊन ते गाणे पूर्ण ऐकतो. बासिलसारख्या जाणत्या वाचकाकडून झालेला हा बदल सहज घडला की हेतुतः, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मूळ प्रसंग त्याच्या उपदेशापेक्षा अधिक समर्पक आहे, असे म्हणावे लागते.

कारण केवळ अनुकूल तेवढे वेचणारा वाचक ग्रंथाकडे जसा जातो तसाच परत येतो. त्याला जे आधीच मान्य होते तेच त्याला तेथे सापडते. ‘इलियड’च्या शेवटच्या सर्गात म्हातारा प्रायम आपल्या मुलाचा वध करणाऱ्या अकिलीसच्या तंबूत जातो, त्याचे हात चुंबतो, आणि दोघे आपापल्या दुःखाने रडून मग एकत्र जेवतात. यात कोणत्याही सद्गुणाचा धडा नीट बेतून काढता येत नाही. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा ऐकत वाढलेल्या वाचकाला मात्र त्या आज्ञेची किंमत किती भयंकर असू शकते हे येथे दिसते, आणि ते ती आज्ञा न ऐकलेल्या कवीकडून दिसते. बासिलच्या पोळ्यात या प्रसंगाला जागा नाही.

तरीही या भाषणाचे ऐतिहासिक कार्य मोठे आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी लिओनार्दो ब्रुनी या फ्लॉरेन्सच्या विद्वानाने त्याचा लॅटिन अनुवाद करून तो आपला ज्येष्ठ स्नेही कोलुच्चो सालुताती याला अर्पण केला. प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासाला विरोध करणाऱ्या धर्मोपदेशकांपुढे ठेवण्यासाठी प्रबोधनकाळातील मानवतावाद्यांना बासिलसारखा संतच साक्षीदार म्हणून लाभला.

जेरोमचे स्वप्न, ऑगस्टीनचे अश्रू

लॅटिन जगात हाच प्रश्न अधिक व्यक्तिगत झाला. जेरोमने ३८४ मध्ये युस्टोचियम या तरुणीला लिहिलेल्या पत्रात आपले एक जुने स्वप्न सांगितले आहे. संसार सोडला तरी ग्रंथसंग्रह सोडवला नाही; उपवास करायचा आणि नंतर सिसेरो वाचायचा; संदेष्ट्यांची भाषा ओबडधोबड वाटायची. अशात आजारपणात त्याला स्वप्न पडले की तो न्यायासनापुढे उभा आहे आणि तो ख्रिस्ताचा नव्हे, सिसेरोचा अनुयायी आहे असा ठपका त्याच्यावर ठेवला जात आहे. फटके खाऊन त्याने ऐहिक ग्रंथ पुन्हा न वाचण्याची शपथ घेतली. ती कितपत पाळली गेली हे त्याच्या पानोपानी डोकावणाऱ्या व्हर्जिलवरून कळते. रुफिनस या प्रतिस्पर्ध्याने त्याबद्दल डिवचले तेव्हा, स्वप्नातील शपथ बंधनकारक नसते, असे उत्तर जेरोमने दिले. पुढे एका पत्रात त्याने अनुवादाच्या पुस्तकातील बंदिवान स्त्रीचा दाखला घेतला : युद्धात सापडलेल्या स्त्रीचे केस आणि नखे कापून मग तिला पत्नी करता येते, तसे ऐहिक वाङ्मयाचे करावे. हे रूपक आजच्या वाचकाला अस्वस्थ करते, आणि ते करणे रास्तच आहे. परक्या ग्रंथाला आपलासा करताना त्याच्यावर जी बळजोरी होते, तिची एवढी उघड कबुली क्वचितच आढळते.

ऑगस्टीनने याच अर्थाने निर्गमाच्या पुस्तकातील दृष्टान्त वापरला. मिसर सोडताना इस्राएलांनी मिसरी लोकांचे सोने-रुपे बरोबर नेले. तसे ख्रिस्ती लोकांनी परकीयांचे सत्य आपल्या कार्यासाठी घ्यावे. ओरिजेनने हाच दृष्टान्त आधी योजला होता. (त्याच पुस्तकात पुढे लोकांच्या कानांतील सोन्यापासून वासरूही घडते, हे विसरता येत नाही.) परंतु ऑगस्टीनचा स्वतःचा अनुभव या दृष्टान्तात मावणारा नाही. ‘कन्फेशन्स’मध्ये तो शाळकरी वयात डायडोच्या मृत्यूवर अश्रू ढाळल्याबद्दल स्वतःला दोष देतो, कारण स्वतःच्या आत्मिक मृत्यूवर तो रडला नव्हता. मात्र त्याच ग्रंथात तो हेही सांगतो की, एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचे ‘हॉर्टेन्सियस’ हे पुस्तक अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हाती आले आणि त्याने आपल्या प्रार्थनांचीच दिशा बदलली. त्या पुस्तकात त्याला एकच उणीव जाणवली; ती म्हणजे ख्रिस्ताचे नाव तेथे नव्हते. सिसेरोचे हे पुस्तक आज उपलब्ध नाही. त्याचे जे अवशेष उरले आहेत त्यांतील मोठा वाटा ऑगस्टीनच्याच लेखनात आहे. येथे वाचकाने ग्रंथातून काही ‘नेले’ असे म्हणण्यापेक्षा ग्रंथाने वाचकाला कोठेतरी नेले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

गोव्यातील पुराण

सोळाव्या शतकात हा प्रश्न गोव्यात उलट्या बाजूने उभा राहिला. ज्युलियनच्या काळात सत्ता ख्रिस्ती शिक्षकांच्या हातून ग्रंथ काढून घेत होती. गोव्यात पोर्तुगीज ख्रिस्ती सत्तेने हिंदूंचे आणि नवख्रिस्ती झालेल्यांचे ग्रंथ काढून घेतले. १५४० नंतर मंदिरांबरोबर पोथ्यांचाही नाश झाला आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. विरोधाभास असा की, त्याच सुमारास मिशनऱ्यांनी भाषा शिकण्यासाठी आणि खंडनासाठी काही मराठी व कोंकणी रचना रोमन लिपीत उतरवून घेतल्या. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात त्यांची हस्तलिखिते आजही आहेत.

इंग्लंडमध्ये १५४९ मध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्स स्वतःच आपल्या रचनेचे निमित्त सांगतात. एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यांना विचारतो की, आमची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्याऐवजी तशीच दुसरी पुराणे आम्हाला का देत नाही? धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी त्याला पुरेशी वाटत नाही. वेळ घालविण्यासाठी, ऐकण्यासाठी, मनाला गुंतवून ठेवण्यासाठी त्याला पुराण हवे आहे. वाङ्मय हिरावले गेलेल्या वाचकाची ही तक्रार ग्रंथकर्त्याने दडविली नाही, हा त्याचा मोठेपणा मानावा लागेल.

अपोलिनारिस पितापुत्रांचा उपक्रम फसला आणि स्टीफन्स यांचा टिकला, असे का झाले? एक उत्तर उघड आहे. लाओडिसिआत बंदी उठताच मूळ होमर पुन्हा हाती आला. गोव्यात मूळ पुराणे परत आली नाहीत. म्हणजे ‘क्रिस्तपुराणा’च्या यशामागे एक मोठी हानी उभी आहे, आणि ती नजरेआड करून या ग्रंथाचे कौतुक करणे बरे नव्हे. दुसरे उत्तर वाङ्मयीन आहे. अपोलिनारिसांनी होमरचा साचा घेतला. स्टीफन्स यांनी ओवीचा स्वभाव घेतला. तीन चरण यमकांनी जोडत नेऊन चौथ्या आखूड चरणावर विसावणारी ही लय कथनाला आणि श्रवणाला सारखीच सोयीची आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरतात. अशा शब्दाबरोबर केवळ अर्थ येत नाही. तो ज्या भक्तिपरंपरेत घडला तिची स्मृतीही येते. सत्तेने दाराबाहेर काढलेले पुराण अशा रीतीने भाषेच्या खिडकीतून आत आले. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्याच उच्चाटनाचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील छापील प्रत एकही उपलब्ध नाही. हस्तलिखितांतून आणि ख्रिस्ती कुटुंबांतील गायनातून हा ग्रंथ तगला आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली.

तुकारामाचा पूल आणि रमाबाईंचा नकार

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांच्या पहिल्या पिढीचा कल खंडनाकडे होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापासून चित्र बदलले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे कार्य मुख्यत्वे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाले. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा अभंग, भजन आणि कीर्तन हीच मराठी मनाची उपासनेची भाषा आहे, हे त्यांनी ओळखले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. मराठी संतांची वाणी हा येथील ख्रिस्ती माणसाचा पहिला जुना करार होय, अशीही त्यांची धारणा होती.

पूल ही मधमाशीपेक्षा वेगळी प्रतिमा आहे. मधमाशी घेऊन जाते. पूल स्वतःच पार नेतो. बासिलला होमर श्रद्धेने परका पण भाषेने स्वतःचा होता. टिळकांना तुकाराम तसाच होता, किंबहुना अधिक जवळचा. त्याला नाकारणे म्हणजे आईच्या ओव्या नाकारणे होते. मात्र ‘जुना करार’ ही कल्पना निर्दोष नाही. तिच्यामुळे तुकाराम कशाची तरी पूर्वतयारी ठरतो, आणि विठ्ठल ही कोणत्याही जिन्याची पायरी नाही असे वारकरी वाचकाने म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण जाईल. टिळकांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, त्यांनी पूल ओलांडून तो मागे टाकला नाही. ‘अभंगांजली’ हा त्याचा पुरावा होय.

याच काळात एक ठाम नकारही ऐकू येतो, आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत वाढल्या. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद करताना त्यांनी साध्या बायकामाणसांना कळेल अशी भाषा वापरण्याचा आग्रह धरला आणि हिंदू धर्मविचाराचे अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द जाणीवपूर्वक टाळले. हा नकार अज्ञानातून आलेला नव्हता. ज्या ग्रंथांत स्त्रीच्या मोक्षाची आणि मानाची वाट बंद असल्याचे त्यांनी स्वतः वाचले होते, त्यांचे सौंदर्य त्यांना निरुपद्रवी वाटणे शक्य नव्हते. टिळकांना संतकाव्याने जे दिले ते रमाबाईंना शास्त्रपुराणांनी दिले नाही. दोघांच्या हाती आलेले ग्रंथच भिन्न होते आणि ते वाचणाऱ्यांची समाजातील जागाही भिन्न होती. अभिजात साहित्याचे मूल्य सांगताना ते कोणाला, कोणत्या ठिकाणी उभे राहून वाचावे लागते, हा मुद्दा सहसा सुटतो. रमाबाईंमुळे तो सोडता येत नाही.

टिळकांच्या निधनानंतरच्या काळात परदेशी अभ्यासकांनी तिसरी वाट चोखाळली. निकोल मॅकनिकोल यांचा मराठी संतांच्या निवडक रचनांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्ये निघाला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतर महाराष्ट्रातील संतकवींवरील इंग्रजी ग्रंथमाला सिद्ध केली. त्यातील संत बहिणाबाईंवरील ग्रंथ १९२९ चा. अ‍ॅबट खंडन करीत नाहीत, वेचून घेत नाहीत. पुष्कळदा मूळ मराठीही सोबत देतात. येशूसंघीय फादर गी देलरी यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० मध्ये विठोबाच्या संप्रदायावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथे वाचक ग्रंथाला आपल्या कामाला लावण्याआधी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत पुरते ऐकून घेतो. कान उघडे ठेवून डोलकाठीला बांधून घेणाऱ्या ओडिसियसची आठवण येथे व्हावी. श्रद्धेची दोरी सुटलेली नाही, पण गाणे मात्र संपूर्ण ऐकले जाते.

महाविद्यालयीन वर्गात हा सगळा इतिहास नकळत हजर असतो. ख्रिस्ती अध्यापक ज्ञानेश्वरी शिकवितो, हिंदू वा मुस्लिम अध्यापक मिल्टनचे महाकाव्य शिकवितो, आणि दोघांनाही ज्युलियनचा प्रश्न लागू पडतो. आता तर दिशाही उलटली आहे. वयात आल्यावर पतीकडून वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अभिजात म्हणून मान्यता पावली. सोवळेओवळे पाळणाऱ्या स्त्रीने पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांच्या ताटातुटीतून आणि मनस्तापातून आपला निर्णय कसा घेतला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या विद्यार्थ्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती नसतात. बासिलचे पुतणे होमरपुढे जेथे बसले होते, तेथे आज ते बसलेले असतात.